दोन स्पिन, चार अवस्था आणि एक वजा चिन्ह

एमएस्सीच्या वर्गात टेन्सर प्रॉडक्ट, म्हणजे दोन कणांच्या अवस्था एकत्र मांडायची रीत, हा विषय काढला की मी आधी एक बाळबोध प्रश्न विचारतो. एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या (हा त्याचा एक अंगभूत गुण) अवस्था दोन, वर आणि खाली. मग दोन इलेक्ट्रॉनच्या मिळून किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, चार. का चार? इथे मात्र सूर फाटतात. काहींनी दोनात दोन मिळवलेले असतात, काहींनी दोनाला दोनाने गुणलेलं असतं, आणि उत्तर एकच आल्यामुळे कोण चुकलं ते कुणालाच कळत नाही. स्वतःशी बेरीज आणि स्वतःशी गुणाकार सारखाच येणं हे शून्य सोडलं तर फक्त दोनालाच जमतं, आणि नेमका तोच आकडा या विषयाच्या दारात उभा असतो.

म्हणून मी लगेच तिसरा इलेक्ट्रॉन आणतो. बेरीजवाले सहा म्हणतात, गुणाकारवाले आठ. बरोबर उत्तर आठ. टेन्सर प्रॉडक्ट या भारदस्त नावाला घाबरणाऱ्यांनी हा आठ आधी पक्का करावा. (परिभाषा कोशात टेन्सरला ‘प्रदिश’ असा शब्द आहे. शब्द चांगला आहे, पण वर्गात तो मी उच्चारला की मुलं मलाच त्याचं इंग्रजी विचारतात. इथे आपलं टेन्सरच बरं.)

बेरीज म्हणजे ‘हे किंवा ते’. गुणाकार म्हणजे ‘हे आणि ते’. दोन कण समोर असताना पहिल्याचंही काहीतरी सांगावं लागतं आणि दुसऱ्याचंही. पहिल्याच्या प्रत्येक अवस्थेसोबत दुसऱ्याची प्रत्येक अवस्था येऊ शकते. म्हणून यादी अशी होते: ↑↑, ↑↓, ↓↑, ↓↓. यातला डावा बाण कायम पहिल्या कणाचा, उजवा दुसऱ्याचा. मध्ये खरं तर ⊗ हे चिन्ह असतं, ↑⊗↓ असं; पण रोज लिहिणारे ते गाळतात आणि नव्या वाचकाचा गोंधळ उडतो. ↑↓ म्हणजे वर गुणिले खाली असा कुठलाही आकडा नाही. ‘पहिला वर, दुसरा खाली’ एवढंच ते वाक्य आहे.

आता जिन्यातला दिवा आठवा. एक बटण खाली दारापाशी, एक वर माडीवर, आणि दिवा एकच. इलेक्ट्रिशियन याला टू-वे स्विच म्हणतात. खालचं बटण कुठल्या बाजूला दाबलेलं आहे हे बघून दिवा चालू की बंद हे सांगता येत नाही. वरचं बघूनही नाही. दोन्ही बटणं ‘सारखी’ आहेत की ‘उलट’ आहेत यावर ते ठरतं. म्हणजे दिवा एकेका बटणाबद्दल चकार शब्द काढत नाही, जोडीबद्दल मात्र सगळं सांगतो. पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) दोन स्पिन एकत्र आले की आपल्याला बहुतेक वेळा असा जिन्यातला दिवाच दिसतो. फरक एवढाच की जिन्यात दिवा काहीही म्हणो, प्रत्येक बटण कुठल्या तरी एका बाजूला असतंच. स्पिनच्या बाबतीत तेवढीही खात्री उरत नाही. त्याकडे येऊच.

स्पिन म्हणजे काय, हे दोन ओळींत उरकतो. १९२२ मध्ये फ्रँकफर्टला ऑटो श्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. काचेवर एक पसरट डाग पडण्याऐवजी झोत स्वच्छ दोन भागांत फुटला. तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला स्वतःचा कोनीय संवेग असतो अशी कल्पना मांडली, आणि ते दोन भाग म्हणजे +१/२ आणि −१/२ हे उमगलं. भोवऱ्यासारखा फिरणारा गोळा असं चित्र कुणी डोक्यात आणत असेल तर ते आणू नये. तसा गोळा मानला तर त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं. आपल्या कामाला ↑ आणि ↓ पुरतात.

पण पुंजभौतिकीत नुसते ↑ आणि ↓ नसतात, त्यांची सुपरपोझिशनही, म्हणजे दोन्हींचं मिश्रणही, असते: क↑ + ख↓, जिथे क आणि ख हे आकडे. दुसऱ्या कणाची अवस्था ग↑ + घ↓ म्हणू. दोन्हींचा टेन्सर प्रॉडक्ट करायचा म्हणजे शाळेत कंस सोडवायचो तसे कंस सोडवायचे, फक्त बाणांचा क्रम मोडायचा नाही:

(क↑ + ख↓) ⊗ (ग↑ + घ↓) = कग ↑↑ + कघ ↑↓ + खग ↓↑ + खघ ↓↓

झालं. हाच तो टेन्सर प्रॉडक्ट. यात एक गंमत दडली आहे. उजवीकडच्या चार आकड्यांत कडेच्या दोघांचा गुणाकार कग × खघ आणि मधल्या दोघांचा कघ × खग हे नेहमी सारखेच येणार, कारण दोन्हीकडे क, ख, ग, घ एकेकदाच आहेत. आता ↑↓ − ↓↑ ही अवस्था घ्या. कडेचे आकडे ० आणि ०, गुणाकार ०. मधले +१ आणि −१, गुणाकार −१. शून्य आणि उणे एक सारखे नाहीत. म्हणजे जगातले कुठलेही क, ख, ग, घ घेतले तरी ही अवस्था ‘पहिल्या कणाची एक आणि दुसऱ्याची एक’ अशी सुटी करता येणार नाही. चार कप्प्यांच्या घरात ती सुखाने राहते, पण तिला एकेकट्या कणाचा पत्ता नाही. १९३५ मध्ये श्र्योडिंगरने ज्याला जर्मनमध्ये गुंतवळ अशा अर्थाचं नाव दिलं, ते एन्टँगलमेंट हेच. वर्तमानपत्रांत त्याला जादूटोण्यासारखं रंगवतात. वहीत ते एवढ्या एका तिरक्या गुणाकारात पकडता येतं.

आता मुख्य प्रश्न. जागा गुणाकाराने वाढली हे पटलं, पण मग एकूण स्पिन किती? इथे बेरीज परत येते, आणि मुलांना दुसरी ठेच लागते ती इथेच. अवस्थांच्या जागांचा होतो गुणाकार, आणि स्पिन मोजणाऱ्या ऑपरेटरची (अवस्थेवर चालवायच्या गणिती क्रियेची) होते बेरीज. ती बेरीज अशी लिहितात:

एकूण स्पिन = (स्पिन ⊗ १) + (१ ⊗ स्पिन)

यातला ‘१’ फार गुणी आहे. त्याचा अर्थ ‘याला हात लावू नको’. पहिल्या पदात पहिल्या कणावर काम करा, दुसऱ्याला तसाच ठेवा. दुसऱ्या पदात उलट. मग दोन्ही उत्तरं मिळवा. पुस्तकं हे ‘१’ आळसाने गाळतात आणि मग विद्यार्थी विचारतो, दोन वेगळ्या जागांतल्या गोष्टींची बेरीज होतेच कशी? प्रश्न अगदी रास्त आहे. होत नाहीच. ⊗ १ लावून दोन्ही आधी एकाच जागेत आणाव्या लागतात.

करून बघू. उभ्या दिशेचा एकूण स्पिन: ↑↑ चा +१, ↑↓ चा ०, ↓↑ चा ०, ↓↓ चा −१. म्हणजे +१, ०, ०, −१. स्पिन १ असलेल्या वस्तूला +१, ०, −१ अशा तीन पायऱ्या लागतात. त्या काढून घेतल्या तर एक ० उरतो, तो एकटा म्हणजे स्पिन ०. चाराची वाटणी तीन आणि एक. प्रश्न एवढाच की ↑↓ आणि ↓↑ यांतला कोण तिघांत जाणार आणि कोण एकटा राहणार?

दोघंही नाहीत. वरच्या पायरीवरून एक पायरी खाली उतरवणारा ऑपरेटर असतो. तो ↑ चा ↓ करतो आणि समोर ↓ आला तर शून्य करून टाकतो. एकूण उतरवणारा म्हणजे (उतरव ⊗ १) + (१ ⊗ उतरव). तो ↑↑ वर चालवा. पहिल्या पदाने पहिला बाण पडला: ↓↑. दुसऱ्या पदाने दुसरा: ↑↓. बेरीज ↓↑ + ↑↓. पुन्हा चालवा: ↓↑ मधला उरलेला वरचा बाण पडून ↓↓, आणि ↑↓ मधलाही पडून ↓↓, मिळून २ ↓↓. पुढे चालवलं तर शून्य. तिघांचं कुटुंब सापडलं: ↑↑, ↑↓ + ↓↑, ↓↓. याला ट्रिप्लेट म्हणतात.

उरलेली अवस्था या तिघांनाही काटकोनात, म्हणजे त्यांच्यापासून पूर्ण वेगळी, असली पाहिजे, आणि ती एकच निघते: ↑↓ − ↓↑. तिच्यावर उतरवणारा चालवा: ↓↓ − ↓↓, म्हणजे शून्य. चढवणारा चालवा: ↑↑ − ↑↑, तेही शून्य. ना वर जाता येत, ना खाली. हा सिंग्लेट. (काटेकोरपणे दोन्ही अवस्थांना √२ ने भागायला हवं, म्हणजे ↑↓ मिळण्याची शक्यता निम्मी आणि ↓↑ ची निम्मी येते. मी ते लिहीत बसत नाही.)

इथे दर वर्षी एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी हात वर करते. सर, अधिक असो की वजा, मोजायला गेलं तर दोन्हीकडे निम्म्या वेळा ↑↓ आणि निम्म्या वेळा ↓↑ मिळणार. मग चिन्हाने फरक काय पडतो?

उभं मोजलं तर खरंच काही फरक दिसत नाही. आता उपकरण आडवं करा. आडव्या दिशेच्या दोन अवस्था → आणि ←. → म्हणजे ↑ + ↓ आणि ← म्हणजे ↑ − ↓. कंस सोडवा. →→ मध्ये चारही पदं अधिक चिन्हाने येतात. ←← मध्ये ↑↑ आणि ↓↓ अधिक, मधली दोन वजा. आता →→ मधून ←← वजा करा: कडेची पदं उडाली, उरलं ↑↓ + ↓↑ च्या पटीतलं काहीतरी. म्हणजे अधिकवाली अवस्था आडवी बघितली की दोन्ही कण कायम एकाच बाजूला सापडतात! उभं बघताना कायम उलट, आडवं बघताना कायम सारखे. वजावाली अवस्था मात्र आडवी केली तरी →← आणि ←→ यांचीच वजाबाकी राहते. ती उभी बघा, आडवी बघा, तिरकी बघा, दोघं कायम उलटच. सिंग्लेटला दिशाच नाही; स्पिन शून्य याचा अर्थच तो. कागद-पेन्सिल घेऊन ही चार ओळींची आकडेमोड एकदा करावी. मी स्वतः ती करायचा कंटाळा केला होता आणि दोन वर्षं या विषयात नुसती घोकंपट्टी केली.

जिन्यातला दिवा इथे तोकडा पडतो. बटणांना आडवी बाजू नसते.

आता हे सगळं खरंच कुठे दिसतं? हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, दोघांचाही स्पिन १/२. अगदी आपलंच उदाहरण. दोघंही इवलेसे चुंबक, आणि एकमेकांची चाहूल त्यांना लागते. त्यांच्यातली ऊर्जा दोन स्पिनच्या डॉट प्रॉडक्टवर, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात याच्या मापावर, अवलंबून असते. हा डॉट प्रॉडक्ट काढायची युक्ती शाळेतल्या (अ + ब)² चीच: एकूणाच्या वर्गातून दोघांचे स्वतंत्र वर्ग वजा करा आणि निम्मे करा. पुंजभौतिकीत स्पिन स चा वर्ग स × (स + १) असतो, म्हणून १/२ चा वर्ग ३/४. ट्रिप्लेटसाठी (२ − ३/४ − ३/४) चे निम्मे, म्हणजे १/४. सिंग्लेटसाठी (० − ३/४ − ३/४) चे निम्मे, म्हणजे −३/४. फरक बरोबर एक. दोन अवस्थांच्या ऊर्जा वेगळ्या झाल्या, सिंग्लेट खाली आणि ट्रिप्लेट वर.

फरक फारच चिमुकला आहे. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन उपटून काढायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. इथे एका इलेक्ट्रॉन व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम सहा. ट्रिप्लेटमधून सिंग्लेटमध्ये पडताना अणू जी रेडिओलहर सोडतो तिची वारंवारिता सुमारे १४२०.४ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी २१ सेंटीमीटर. हातात धरता येईल अशी, फूटपट्टीपेक्षा थोडी छोटी. एकट्या पडलेल्या अणूला ही एक उडी मारायला सरासरी १ कोटीहून अधिक वर्षं लागतात. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका आहे की कुणी ना कुणी सतत उडी मारतच असतं. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये १९४४ साली हेंड्रिक फान डे हुल्स्टने सांगितलं की ही लहर आकाशातून ऐकू यायला हवी. १९५१ मध्ये हार्वर्डला यूअन आणि पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर कर्ण्यासारखा अँटेना काढून ती पकडली.

आणि पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगावापाशी उजवीकडे वळलं की खोडद आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाचे जे ३० जाळीदार तवे पसरले आहेत, ती जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही हीच लहर ऐकत आली आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, आणि विश्वाच्या तरुणपणातला हायड्रोजन शोधणं हे तिच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक होतं. फार दूरचा हायड्रोजन असेल तर विश्वाच्या प्रसरणाने लहर ताणली जाते आणि १४२० चा आकडा खाली घसरतो. २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या जीएमआरटीच्या एका निरीक्षणात हा हायड्रोजन ज्या दीर्घिकेतला होता तिचा रेडशिफ्ट (लहर किती ताणली गेली याचं माप) १.२९, म्हणजे लहर १ + १.२९, अर्थात २.२९ पट लांबलेली. १४२० ला २.२९ ने भागा, ६२० च्या आसपास येईल. शेतातून जाणाऱ्या रस्त्यालगत उभे असलेले ते तवे ↑↓ + ↓↑ आणि ↑↓ − ↓↑ यांच्यातल्या अंतराचा माग काढत असतात, हे सहलीला येणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगतो. त्यांचं लक्ष बहुतेक वेळा डब्याकडे असतं.

मोठ्या स्पिनचं काय, हे चटकन सांगतो. रीत तीच. दोन स्पिन एकत्र आले की सगळ्यात मोठा एकूण स्पिन म्हणजे त्यांची बेरीज, सगळ्यात छोटा म्हणजे वजाबाकी, आणि मधले सगळे एकेकाच्या अंतराने. १ आणि १/२ घेतले तर ३/२ आणि १/२. मोजून बघा: तीन गुणिले दोन सहा अवस्था, त्यांची वाटणी चार आणि दोन. कुठल्या अवस्थेत कुठल्या बाणजोडीचा किती वाटा याची कोष्टकं क्लेब्श-गोर्डान यांच्या नावाने छापलेली मिळतात. मुलं ती परीक्षेसाठी पाठ करतात, जे मला कधीच पटलं नाही. उतरवणारा ऑपरेटर हाताशी असताना कोष्टक दहा मिनिटांत तयार होतं. आणि सुरुवातीचे तीन इलेक्ट्रॉन? आठाची वाटणी चार, दोन आणि दोन. पुढे कणांची संख्या वाढवत गेलात तर ३०० स्पिनच्या अवस्था २ चा ३०० वा घात, म्हणजे एकावर ९० शून्यांच्या घरात. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची ढोबळ संख्या याहून कमी भरते. क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांचा डोळा याच गुणाकारावर आहे.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते हायड्रोजनच्या रेणूचं उदाहरण. रेणूत दोन प्रोटॉन. त्यांचेही स्पिन तीन-एक असे वाटले जातात. तिघांच्या गटातल्या रेणूला ऑर्थो म्हणतात, एकट्याला पॅरा. घरातल्या तापमानाला हायड्रोजनच्या बाटलीत तीन भाग ऑर्थो आणि एक भाग पॅरा असतो. ते ३ आणि १ आपण वर बाण पाडून मोजलेलेच. १९२९ मध्ये बर्लिनला बोनहोफर आणि हार्टेक यांनी जवळपास शुद्ध पॅरा हायड्रोजन वेगळा करून दाखवला. हायझेनबर्गच्या १९३२ च्या नोबेलच्या मानपत्रात पुंजयामिकीची निर्मिती असं म्हटल्यावर लगेच तिच्या वापरातून हायड्रोजनची ही रूपं सापडल्याचा उल्लेख आहे. ज्यासाठी तो सगळ्यांना ठाऊक आहे त्या अनिश्चिततेच्या तत्त्वाचं तिथे नावही नाही.

दोन्ही प्रोटॉन हुबेहूब सारखे, आणि त्यांची अदलाबदल केली की एकूण अवस्थेचं चिन्ह बदललंच पाहिजे असा निसर्गाचा दंडक आहे. सिंग्लेट अदलाबदलीत स्वतःच वजा होतो, म्हणून पॅरा रेणू न फिरता शांत बसू शकतो. ट्रिप्लेट वजा होत नाही, मग ती वजाबाकी रेणूच्या फिरण्यातून यावी लागते. म्हणून ऑर्थो रेणूला थांबायची परवानगीच नाही. कितीही थंड करा, थोडं तरी फिरणं त्याला भागच आहे.

रॉकेटसाठी हायड्रोजन उणे २५३ अंशांना द्रव करतात. आपल्या एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यात हेच इंधन असतं. घाईने द्रव केलेल्या हायड्रोजनमध्ये तीन भाग ऑर्थो तसाच अडकून राहतो. मग तो टाकीत हळूहळू पॅरा होतो, फिरण्याची ऊर्जा उष्णता म्हणून टाकतो, आणि ही उष्णता त्या द्रवाची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेहूनही जास्त भरते. बाहेरून थेंबभर उष्णता आत आली नाही तरी टाकी आतूनच उकळत राहते.

हे बदलायला इतका वेळ का लागतो? कारण दोन्ही प्रोटॉनवर सारखाच चालणारा ऑपरेटर, म्हणजे (काहीतरी ⊗ १) + (१ ⊗ तेच), ट्रिप्लेटला ट्रिप्लेटमध्येच फिरवत ठेवतो. मघाशी उतरवताना आपण हेच बघितलं. पलीकडे जायचं तर एकाला हात लावणारा आणि दुसऱ्याला न लावणारा कुणीतरी हवा. ↑↓ + ↓↑ घ्या आणि फक्त पहिला बाण खाली असेल तिथे वजा लावा, दुसऱ्याकडे बघूच नका: ↑↓ − ↓↑. एका फटक्यात ट्रिप्लेटचा सिंग्लेट. म्हणून द्रवीकरणाच्या कारखान्यात हायड्रोजनला वाटेत आयर्न ऑक्साइडच्या दाण्यांवरून नेतात. त्या दाण्यातल्या लोखंडाच्या चुंबकीय अणूला रेणू टेकला की एक प्रोटॉन त्याच्या जरासा जवळ असतो आणि दुसरा जरासा लांब.